बिनसाखरेच्या गोडाची गोष्ट

आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती आहे गोड चवीची, पण साखरेची नाही. बचत गटांच्या बैठकीत हल्ली हप्ते-व्याज झालं की गप्पा शुगरवर येतात. कुणाची उपाशीपोटीची बरी असते, पण जेवणानंतरची वाढलेली असते. कुणाच्या सासूबाईंना डॉक्टरांनी चहातली साखर बंद सांगितलेली असते. मग प्रश्न ठरलेला असतो : "ताई, ती बारीक पांढरी गोळी चहात टाकली तर चालते का? तिनं शुगर वाढते का? आणि शुगर फ्री लाडू खाल्ला तर?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येईल. पण ती गोळी आली कुठून, कुणासाठी आली आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर तिचा अर्थ कसा बदलला, हे कळलं तर पुढच्या वेळी दुकानातल्या पाकिटावरचे शब्द आपल्याला नीट वाचता येतील. म्हणून आज जरा इतिहासात जाऊ या.

मुंग्यांनी ओळखलेला आजार

मधुमेह हा शब्द आपला, आणि फार जुना. लघवीला मुंग्या लागतात, ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनी नोंदवून ठेवली होती. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत : एक जन्मापासून येणारा आणि दुसरा खाण्यापिण्याच्या चुकीच्या सवयींतून होणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश आणि दुसऱ्या प्रकारचा बहुधा स्थूल, हेही त्यात आहे. आज डॉक्टर टाइप वन आणि टाइप टू म्हणतात, त्याच्या जवळ जाणारं हे वर्णन आहे.

लघवीतला हा गोड पदार्थ साखरच आहे, हे इंग्लंडमधल्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरानं १७७६ साली दाखवलं. त्यानं रोग्याची लघवी आटवली, आणि खाली साखरेसारखा दिसणारा आणि तशीच चव असणारा साका उरला. रक्तालाही गोडसर चव असते, हेही त्यानं नोंदवलं. म्हणजे बिघाड फक्त मूत्रपिंडाचा नव्हता, साऱ्या शरीराचा होता.

पुढच्या शतकात फ्रान्समध्ये बुशार्दा नावाचे डॉक्टर होते. १८७०-७१ साली पॅरिस शहराला जर्मन सैन्यानं वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली. भाकरीचा तुकडासुद्धा मोजून मिळायचा. बुशार्दांच्या लक्षात आलं की उपासमारीच्या त्या दिवसांत त्यांच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली. लोकांनी नुसतं गोड सोडलं म्हणून हे झालं नव्हतं. पाव आणि इतर धान्यही ताटातून कमी झालं होतं. मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. गोळीच्या पूर्वीपासून माहीत असलेलं हे सत्य गोळी आल्यावर आपण विसरलो.

न धुतलेल्या हातांची कमाल

१८७९ साल. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग हा संशोधक डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. एके संध्याकाळी हात न धुताच तो जेवायला बसला. पाव गोड लागला. हात पुसायचा रुमाल गोड लागला. मग त्याच्या ध्यानात आलं की गोडी त्याच्या बोटांवर आहे. तो उठून प्रयोगशाळेत गेला आणि टेबलावरची भांडी चाखत सुटला. त्यातल्या एका भांड्यात साखरेच्या कितीतरी पट, सुमारे तीनशे ते चारशे पट गोड पदार्थ सापडला.

त्याला नाव दिलं सॅकरीन. या नावाच्या मुळाशी आपलाच शब्द आहे. शर्करा हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून पश्चिमेकडे गेला, ग्रीक-लॅटिनमध्ये त्याची रूपं झाली आणि त्यावरून हे नाव पडलं. ज्या पदार्थात शर्करेचा कणही नाही, त्याला शर्करेचं नाव मिळालं!

फालबर्गनं पुढे आपल्या एकट्याच्या नावावर पेटंट घेतलं आणि जर्मनीत कारखाना काढला. रेमसन यांना याचा फार राग आला. शोध माझ्या प्रयोगशाळेत लागला आणि माझं नावच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. श्रेयाचं भांडण सगळीकडे सारखंच असतं म्हणायचं.

आता या गोळीचं शरीरात काय होतं ते पाहू. साखर पोटात गेली की तिचे दोन भाग होतात : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सरळ रक्तात उतरतं आणि जेवणानंतरचा आकडा वर चढतो. सॅकरीन मात्र पचतच नाही. ते रक्तात जातं आणि लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यातून ग्लुकोज तयार होत नाही. मधुमेही माणसासाठी हा मोठा दिलासा होता.

तो किती मोठा होता, हे समजायला त्या काळाकडे पाहावं लागेल. इन्सुलिन अजून सापडलं नव्हतं. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन नावाचे डॉक्टर रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवत. भाज्या तीन-तीनदा उकळून पाणी ओतून द्यायचं, म्हणजे उरलासुरला पिष्टमय भागही निघून जाईल. अशा ताटावर बसलेल्या लेकरांना गोडाची चव फक्त सॅकरीनच देऊ शकत होतं. पुढे १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि मधुमेह्यांचं जगणंच बदललं.

औषधाच्या दुकानातून किराणा दुकानात

सॅकरीन स्वस्त होतं. म्हणून मधुमेह नसलेल्यांच्या खाण्यातही ते लगेच शिरलं. डबाबंद फळं आणि सरबतं बनवणारे साखरेऐवजी ते वापरू लागले. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण साखरेचे पैसे देतोय. अमेरिकेच्या सरकारी रसायन खात्याचे प्रमुख हार्वी वायली याविरुद्ध उभे राहिले. त्यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर तक्रार केली. पण रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरीन देत असत. ते वायलींवरच भडकले. तरीही १९१२ साली तयार खाद्यपदार्थांत सॅकरीन घालण्यावर अमेरिकेत बंदी आली. मधुमेह्यांसाठी विकायला परवानगी राहिली.

जर्मनीत तर त्याआधीच, १९०२ मध्ये, कायदा झाला. बीट पिकवणारे आणि साखर कारखानदार यांचा धंदा बुडत होता. म्हणून सॅकरीन फक्त औषधांच्या दुकानांतून द्यायचं ठरलं. मग स्वित्झर्लंडमधून सॅकरीनची चोरटी आयात सुरू झाली. आपल्याकडे सोन्याची तस्करी व्हायची तशी तिकडे गोडीची.

हे सगळं पुसून टाकलं ते दोन महायुद्धांनी. साखर मिळेना, मग लोकांनी सॅकरीन आपलंसं केलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये साखरेचं रेशन होतं आणि घराघरात चहात सॅकरीनच्या गोळ्या पडत होत्या. आपल्याकडे ते गारेगार आणि बर्फाच्या गोळ्यातून आलं. जत्रेतला गोळा खाल्ल्यावर जिभेवर मागाहून कडवट चव रेंगाळते, ती पुष्कळदा याचीच. म्हणजे आजाऱ्यासाठी निघालेली वस्तू पन्नास-साठ वर्षांत गरिबाची साखर झाली.

बायकांच्या कंबरेवर डोळा

यानंतरचा बदल आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा हा विद्यार्थी काम करता करता सिगारेट ओढत होता. त्यानं ती टेबलाच्या कडेला ठेवली, परत ओठाला लावली, तर गोड लागली. तो पदार्थ सायक्लामेट. सॅकरीनबरोबर मिसळला की कडवटपणा झाकला जायचा.

या मिश्रणानं थंड पेयांचा धंदा बदलून टाकला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हायमन कर्श यांनी बिनसाखरेचं पेय काढलं, ते रुग्णालयातल्या मधुमेही रोग्यांसाठी. पण थोड्याच दिवसांत कळलं की ते पिणारे बहुतेक जण मधुमेही नाहीतच. त्यांना वजन कमी करायचंय. १९६३ मध्ये कोका-कोला कंपनीनं टॅब नावाचं पेय बाजारात आणलं आणि जाहिरातीचा रोख थेट बायकांकडे वळवला. सडपातळ राहा, नवऱ्याच्या मनात राहा, असा त्या जाहिरातींचा सूर असे.

मैत्रिणींनो, इथे प्रश्नच बदलला. आधी विचारलं जायचं, रक्तातली साखर वाढेल का? आता विचारलं जाऊ लागलं, मी जाड होईन का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. आजही पाकिटावर एका प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं आणि आपण ते दुसऱ्या प्रश्नाचं समजून घेतो.

मग भीतीची पाळी आली. सॅकरीन-सायक्लामेटचं मिश्रण भरपूर प्रमाणात दिलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या, म्हणून १९६९ मध्ये अमेरिकेनं सायक्लामेटवर बंदी जाहीर केली. इतर अनेक देशांत ते आजही चालतं. १९७७ मध्ये सॅकरीनवरही अशीच पाळी आली. पण तोवर बाजारात दुसरं काही उरलं नव्हतं. मधुमेह्यांनी आणि इतरांनी इतकी ओरड केली की तिथल्या संसदेनं बंदी थांबवली आणि पाकिटावर फक्त इशारा छापायला लावला. पुढे संशोधनात दिसलं की उंदराच्या लघवीची घडण वेगळी असल्यानं त्याला तो त्रास होत होता आणि माणसाला ते लागू पडत नाही. २००० साली सॅकरीनचं नाव कर्करोगाच्या संशयितांच्या अमेरिकन यादीतून काढलं गेलं.

अॅस्पार्टेम, फडणीस आणि गोड पान

आणखी तीन नावं ओझरती ऐका, कारण पाकिटावर तीच असतात.

पहिलं अॅस्पार्टेम. १९६५ साली सर्ल या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर पोटाच्या अल्सरवरच्या औषधासाठी काम करत होते. कागद उचलायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि ते गोड लागलं. हे पोटात मोडतं आणि त्याची प्रथिनांत असतात तशी अमिनो आम्लं होतात. साखरेच्या दोनशे पट गोड असल्यानं ते इतकं थोडं लागतं की शुगरवर फरक पडत नाही. फार वेळ उकळलं तर त्याची गोडी जाते, म्हणून ते शिऱ्यात-खिरीत शिजवायच्या कामाचं नाही. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार असतो. तो असलेल्यांनी मात्र ते अजिबात घ्यायचं नाही, आणि तशी सूचना पाकिटावर असते.

दुसरं सुक्रालोज. याची गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये प्राध्यापक लेस्ली हॉ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण भारतीय संशोधक काम करत होते. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून नवी संयुगं बनवायचं काम चाललं होतं. त्यांना सांगितलं गेलं की या पदार्थाची टेस्ट करा, म्हणजे तपासणी करा. त्यांनी ऐकलं, टेस्ट करा, म्हणजे चव घ्या. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे आहेत, पण मराठीत आपण दोन्ही एकसारखेच लिहितो आणि बोलतो, तेव्हा त्यांची चूक आपल्याला लगेच पटते. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. साखरेच्या सहाशे पट गोड! सुक्रालोज साखरेपासूनच बनतं, पण शरीर त्याला साखर म्हणून ओळखत नाही. त्यातलं बहुतेक न पचता शौचावाटे निघून जातं.

तिसरं स्टीव्हिया. हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वे देशातलं. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं आपल्या कडवट चहात पिढ्यान्पिढ्या घालत आले. १८९९ मध्ये मोइसेस बेर्तोनी या वनस्पतीशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगाच्या लेखी ते झाड 'सापडलं'. ज्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं त्यांच्या वाट्याला मात्र त्या धंद्यातलं फारसं काही आलं नाही. स्टीव्हियाच्या गोड द्रव्यातूनही रक्तात ग्लुकोज जात नाही.

जेवणानंतरचा आकडा दिसू लागला

इतका वेळ आपण गोडीचा इतिहास पाहिला. आता मोजण्याचा पाहू. कारण दिसत नाही तोवर माणूस अंदाजावर चालतो.

आपल्यातल्या वयस्कर बायकांना दवाखान्यातलं निळं पाणी आठवत असेल. बेनेडिक्ट द्रावण त्याचं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी ते बनवलं. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर जास्त. पण यात एक गोम होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे जेवणानंतर आकडा १७० झाला तरी पाणी निळंच राहायचं आणि आपण म्हणायचो, सगळं ठीक आहे.

१९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी निघाली, १९७० च्या सुमारास तिचा रंग वाचणारं यंत्र आलं. तेव्हा ते अवजड आणि महाग होतं आणि फक्त डॉक्टरांनाच मिळायचं. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनीअर लहानपणापासून मधुमेही होते. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी ते यंत्र मागवलं आणि दिवसातून पाच-पाच वेळा स्वतःचं रक्त तपासायला सुरुवात केली. काय खाल्लं की आकडा किती चढतो, हे रोग्यानं घरी बसून पाहण्याची ही सुरुवात होती. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले. आज आशाताईंच्या पिशवीत असतं त्या छोट्या मशीनमागे अशी धडपड आहे.

मग १९८१ साली टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ खाद्यपदार्थ लोकांना खायला देऊन दोन तास रक्त तपासलं. निव्वळ ग्लुकोजला शंभर गुण धरले आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत गुण दिले. यालाच ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. निकाल पाहून बरेच जण चकित झाले. पांढरा पाव आणि बटाटा हे साखरेइतकेच, किंबहुना साखरेपेक्षाही वेगानं शुगर वाढवतात असं दिसलं. जीभ ज्याला गोड म्हणत नाही, ते रक्तात गोड होतं! बुशार्दांनी पॅरिसच्या वेढ्यात पाहिलेली गोष्ट शंभर वर्षांनी आकड्यांत उतरली.

आपल्या ताटाचा हिशेब

आता हा सगळा इतिहास आपल्या स्वयंपाकघरात आणू.

समजा एक बाई दिवसातून चार वेळा चहा पिते आणि दर कपाला दोन चमचे साखर घेते. आठ चमचे झाले, म्हणजे जवळपास ३५ ते ४० ग्रॅम साखर. त्याजागी तिनं गोळी टाकली तर तेवढी साखर रक्तात जाणार नाही, आणि चहानंतरचा आकडा खरंच कमी येईल. इथे गोळी कामाची आहे.

आता तीच बाई म्हणाली, आज चहात साखर नव्हती, तर दोन वाट्या भात जास्त घेते. तर? पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे एका भाकरीत, सुमारे ३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. त्याचंही शेवटी ग्लुकोजच होतं. ज्वारीत चोथा आहे म्हणून ते सावकाश होतं, भाताचं लवकर होतं, आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे. गोळी या पिष्टाला अडवत नाही. गोळी औषध नाही. ती फक्त साखरेची जागा भरते. साखर काढून ती घातली तर आकडा उतरतो, आणि साखर न काढता वरून घातली तर काहीच फरक पडत नाही.

गुळाचंही असंच आहे. आपण ऊस पिकवणारी माणसं. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्रातल्या आपण. गुळाचं आपल्याला प्रेम आहे आणि असावं. पण गूळ, काकवी, मध यांत बहुतांश साखरच असते. जेवणानंतरच्या आकड्याला गुळाची आणि साखरेची ओळख वेगळी पटत नाही.

आणि आता आपल्या लाडवांकडे येते. दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या गटांना शुगर फ्री लाडवांची मागणी येते. भाव चांगला मिळतो. म्हणून हे मी जरा जोर देऊन सांगते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमानुसार शंभर ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल तरच त्याला शुगर फ्री म्हणता येतं. गूळ किंवा खजूर घातलेल्या लाडवावर हे शब्द लिहिणं नियमात बसत नाही, आणि खरेपणातही बसत नाही. त्यावर 'गुळाचा लाडू', 'खजुराचा लाडू' असंच लिहायचं. खरोखर बिनसाखरेचा रव्याचा लाडू केला तरी शंभर ग्रॅम रव्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. आपला शब्द वाचून एखादी आजी एकाऐवजी चार लाडू खाईल आणि तिचा आकडा तीनशेवर जाईल. आपल्या गटाच्या नावावर तिचा विश्वास असतो, म्हणून ती खाते. तो विश्वास सांभाळणं आपलं काम आहे. तेव्हा लाडू कशाचा आहे, वजन किती आहे आणि साखर किती घातली आहे, हे पाकिटावर स्पष्ट छापू या. जवस, तीळ, शेंगदाणे, डिंक असे लाडू आपल्याला येतात. त्यांत पिष्ट कमी ठेवता येतं. तेही एकच खायचा असतो, हे सांगायला लाजू नये.

एक बारीक गोष्ट आणखी. चमच्यानं मोजून घालायची जी गोडीची पावडर मिळते, तिच्यात आकारमान यावं म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असू शकतं. हे दोन्ही शुगर वाढवतात. चहापुरती चिमूट असेल तर फार फरक नाही, पण वाटी-वाटीनं घातली तर मोजावी लागेल. पाकिटामागची बारीक अक्षरं मुलांकडून वाचून घ्या.

वाद अजून चालू आहे

या गोळ्यांनी तेव्हाच्या तेव्हा शुगर वाढत नाही, यावर शास्त्रज्ञांचं बहुतांशी एकमत आहे. रोज खूप दिवस घेतल्या तर काय, यावर मात्र वाद आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १२० निरोगी माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे काहींना सॅकरीन, काहींना सुक्रालोज, काहींना अॅस्पार्टेम, काहींना स्टीव्हिया दिलं. चारही पदार्थांनी आतड्यातल्या सूक्ष्म जिवाणूंमध्ये बदल केला. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज हाताळायची ताकद काहीशी कमी झालेली दिसली. पण माणसामाणसात फरक खूप होता. प्रयोग लहान होता आणि थोड्या दिवसांचा होता. त्यावरून घाबरून जाऊ नये, पण दिवसाला दहा-दहा गोळ्यांची सवयही लावून घेऊ नये.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन कमी करण्यासाठी या गोड पदार्थांवर विसंबू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात, असं मी मघाशी म्हटलं ते हेच. त्याच वर्षी अॅस्पार्टेमला 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात टाकलं, पण पुरावा अपुरा असल्याचं सांगून रोजची मर्यादा बदलली नाही. ती आहे वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. चहात एक-दोन गोळ्या घेणारी बाई त्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाही. गरोदर बायांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती घरातल्या सगळ्यांना सांगा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची शुगर कधी कधी एकदम खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं अडखळतं. अशा वेळी सवयीनं बिनसाखरेचा चहा किंवा डाएट पेय दिलं जातं. त्यानं काहीही होणार नाही, कारण त्यात शुगर वाढवायची ताकदच नाही. तेव्हा खरी साखर द्यायची. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि फरक नसेल तर परत द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. म्हणून मधुमेह्याच्या घरातही साखरेचा डबा असलाच पाहिजे.

येत्या बैठकीत एक काम करू या. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी आठवडाभर जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी आकडा पाहायचा आणि समोर काय खाल्लं ते वहीत लिहायचं. हिशेब लिहायची सवय आपल्याला बचत गटानं लावलीच आहे. भाकरीच्या दिवशी किती, भाताच्या दिवशी किती, साखरेच्या चहानंतर किती आणि गोळीच्या चहानंतर किती. ती वही दाखवायला घेऊन जा, डॉक्टरांना ती उपयोगी पडेल. औषधाचा डोस मात्र आपल्या मनानं बदलायचा नाही.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.